साठावरचा काटा

भूकंपानं नांदेडात पडझड फारशी झाली नाही, पण माझ्या सासऱ्यांची झोप गेली. लातूरकडच्या बातम्या येत राहिल्या तशी त्यांनी घरात झोपणंच सोडलं आणि अंगणात बंद पडलेल्या मोटारीत पथारी टाकली. काळी, गोल पाठीची ही विलायती मोटार त्यांनी कधीकाळी एका वकिलाकडून हौसेनं घेतली होती. चार महिने तिच्यात काढल्यावर त्यांना तिची इतकी माया लागली, की तिला पुन्हा रस्त्यावर आणायचीच असं त्यांनी ठरवलं.

दोन-तीन वर्षांत इंजिन चालू झालं, सीटा शिवून झाल्या, रंग चढला. राहिलं ते स्पीडोमीटर. काचेआड धूळ बसली होती आणि लाल काटा उन्हानं पांढराफटक पडला होता. मी तेव्हा लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. क्लासेसचा नुसता सुकाळ झाला होता आणि फिजिक्सवाल्याला डॉक्टरच्या खालोखाल मान होता. त्यामुळं आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, काट्याचं काम माझ्यावर सोपवलं. मी आयुष्यात साधा इस्त्रीचा प्लगही उघडलेला नाही, हे सांगायचा धीर मला झाला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नांदेडला आलो तेव्हा आप्पांच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या घड्याळजींना जाऊन विचारलं. काटा बारीक दांडीवर नुसता दाबून बसवलेला असतो, ते म्हणाले. तबकडीवर कागद ठेवायचा, काट्याच्या मुळाशी दोन बाजूंनी दोन चमचे घालायचे आणि दोन्ही एकदम दाबायचे. इथवर मी नीट ऐकलं. पुढं ते म्हणाले, की शून्यापाशी एक खिळा असतो, काटा त्याला टेकून थांबतो. काढण्याआधी काटा खिळ्यावरून उचलून पलीकडं मोकळा सोडायचा, तो थांबेल तिथं खूण करायची आणि परत बसवताना त्याच खुणेवर बसवायचा. आतल्या स्प्रिंगचा ताण त्यावर असतो. स्प्रिंग मी रोज दीडशे पोरांना शिकवत होतो. मी नुसती मान हलवली.

चमचे दाबले तसा काटा टणकन उडाला आणि सासूबाईंनी वाळत घातलेल्या कुरडयांत पडला. अर्धा तास सासूबाई आणि मी एकेक कुरडई उचलून बघत होतो. सापडल्यावर मी त्याला लाल रंगाचा पातळ हात दिला आणि बरोब्बर शून्यावर दाबून बसवला. आप्पांनी घड्याळजींना बोलावून दाखवला. त्यांनी वाकून पाहिलं, खूण कुठं केली होती असं विचारलं, आणि मी विषय बदलला.

त्या जूनमध्ये धाकट्या मेव्हणीला अकरावीसाठी लातूरला पोचवायचं होतं. टपावर गादी, मागं तिची ट्रंक, पुढं आप्पा आणि मी. साठाच्या वर गाडी न्यायची नाही हा आप्पांचा नेम. काटा साठावर टेकला की ते पाय सैल सोडायचे. आधी एसटी पुढं गेली, मग जीप. लोह्याच्या पुढं एक ट्रॅक्टर गेला आणि त्यावरच्या माणसानं आम्हाला हात केला.

"लोकांना लई घाई हाय," आप्पा म्हणाले.

अहमदपूर जवळ आलं तेव्हा मेव्हणी मागून म्हणाली, "दाजी, किलोमीटरच्या दोन दगडांमधलं अंतर कापायला एकशेतीन सेकंद लागून राहिले. म्हणजे आपण पस्तीसनं चाललोय."

मी मनात गणित केलं आणि घड्याळजींनी सांगितलेली खूण आठवली. स्प्रिंग सैल असताना मी काटा शून्यावर लावला होता. तो पंचवीसनं जास्त सांगत होता. मी चाचरत चूक कबूल केली. पण आप्पांना काही पटलं नाही. समोर काटा स्वच्छ साठ दाखवत असताना ते दगडांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. लातूरला पोचलो तोवर कॉलेजचं ऑफिस बंद झालं होतं. प्रवेश दुसऱ्या दिवशी झाला.

दिवाळीच्या सुट्टीत मेव्हणी घरी आली तेव्हा तिच्या हट्टापायी आप्पा तयार झाले आणि आम्ही तिघं उमरीच्या रस्त्याला निघालो. काच आणि काटा काढून ठेवले होते. आप्पांनी पाय हलवायचा नाही, तिनं दगड मोजायचे, मी काटा चिमटीत धरून तयार. "नव्वद सेकंद. चाळीस," ती म्हणाली, आणि मी चालत्या गाडीत काटा चाळीसवर दाबला. पुढचे दोन दगड मोजले, बरोबर आलं. गाडी थांबल्यावर काटा आपसूक मागं येऊन शून्यापाशी खिळ्याला टेकला. माझी छाती फुगली.

येताना आप्पांनी पहिल्यांदाच खरा साठ गाठला. दारं खडखडायला लागली, टपावरचा पत्रा वाजायला लागला, आणि आप्पांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. किलोमीटरभरातच त्यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरून तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले,

"जावईबापू, तुमचा पैलाच काटा बरा होता."