जमैकाच्या बुवांचा शागीर्द

उभ्या इंग्लंडात रीतसर गंडा बांधून रिदम अँड ब्लूज हे पाश्चात्त्य गाणं शिकलेला माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या हिचा मामेभाऊ निघाला. ऐंशीच्या दशकात आम्ही लंडनला होतो, आणि तो तिथेच हाउन्सलो भागात बस चालवायचा. त्याच्याच डेपोतले एक वयस्कर जमैकन ड्रायव्हर शनिवारी पबमध्ये गायचे. ह्याने एकदाच ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या नारळ, पेढे आणि लाल दोरा घेऊन त्यांच्या दारात हजर! त्या सज्जन माणसाला काही उमगेना, पण पेढे आवडले. त्यांनी दोरा बांधला आणि त्या दिवसापासून ते ‘बुवा’ झाले.

हे प्रकरण आहे तरी काय, म्हणून मी मुद्दाम त्याचं गाणं ऐकायला गेलो. स्वारी बारवर गरम पाण्यात लवंग टाकून पीत उभी. मग माइक हातात घेऊन आधी बुवांचं नाव, आणि नाव घेताना कानाची पाळी धरायची, आपले गवई धरतात तशी. लोकांना वाटलं, ही काही खास स्टाइल असणार. महिन्याभरात अख्खा पब ग्लास खाली ठेवून कान धरायला लागला! पण गायला लागला की हसू विसरायला व्हायचं. हा आवाज मामांकडच्या त्या लाजऱ्या पोराचा, यावर माझा विश्वासच बसेना.

पुढे बुवा रिटायर होऊन जमैकाला आपल्या गावी गेले. आणि एका शनिवारी पबमध्ये रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. बुवांनी स्वतः बांधलेलं एक गाणं त्याने ऐकलं आणि म्हणाला, “शुक्रवारी स्टुडिओत ये, ह्याचीच रेकॉर्ड काढू.” दहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आयतं चालून आलं, आणि हा म्हणतो, “बुवांना विचारायला हवं.” बुवांच्या गावात फोन नव्हता. ह्याने पत्र टाकलं.

“अरे गाढवा, आधी गा, मग विचार!” मी फोनवर ओरडलो.

“भाऊजी, चीज त्यांची आहे. आज्ञेशिवाय रेकॉर्ड करू? जीभ झडेल माझी.”

शुक्रवार गेला. कंपनीने दुसरा गायक गाठला, दुसरं गाणं घेतलं. माझा नुसता जळफळाट झाला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ते घेऊन तो थेट आमच्याकडे आला. दोनच ओळी होत्या: ‘विचारतोस काय वेड्या, गाणं तुझंच आहे. रेकॉर्ड निघाली की मला एक पाठव.’

त्याने पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि आमचा टेपरेकॉर्डर मागितला. मग हिने किचनमधला फ्रिज बंद केला, घरघर नको म्हणून, आणि त्याने त्यावर ते गाणं एका दमात म्हटलं. कॅसेट पाकिटात घालताना हळूच म्हणाला, “भाऊजी, ह्याला रेकॉर्ड म्हटलं तर चालेल ना?”

त्याला झापायचं म्हणून मी तीन आठवडे शब्द जुळवत होतो. त्यातला एकही आठवेना. इतकी माया दाटून आली त्या वेड्याची, की “चालेल की रे” एवढंच म्हणालो, आणि पाकिटावर जमैकाचा पत्ता मीच लिहायला घेतला.