ठप्प वाजणारी बरणी

आगगाडी यार्डात येऊन उभी राहिली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन एक माणूस डब्याडब्याखाली वाकतो, प्रत्येक चाकाला एक टोला देतो आणि कान टवकारतो. चाक 'टण्ण' वाजलं तर गाडी जायला मोकळी. 'ठप्प' वाजलं तर चाकात कुठेतरी तडा आहे असं समजायचं. मामांनी उभा जन्म हेच काम केलं. ते नक्की कुणाचे मामा होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण सगळं यार्ड मामा म्हणे, त्यामुळे त्यांची बायको आपोआप मामी झाली. या नेमणुकीबद्दल आपल्याला कुणी विचारलं नाही, अशी मामींची कायमची तक्रार होती.

घरी येताना मामा हातोडा यार्डात ठेवून येत, ठोकण्याची खोड मात्र बरोबर आणत. त्यांना चिनी मातीच्या भांड्यांचा भारी नाद. जुन्या बाजारात गेले की बशी पाच बोटांच्या टोकांवर तोलायची, नखाने टिचकी मारायची आणि डोळे मिटायचे. बशी गायली तरच पिशवीत. रंग, नक्षी, आकार यांच्याशी मामांना काही देणंघेणं नव्हतं. त्यामुळे घरात एकाला एक जुळणारे दोन कप शोधून सापडत नसत. पाहुण्यांपुढे ट्रे ठेवताना मामी म्हणत, "आमच्याकडे सेट नाही हो, संमेलन आहे."

खरी गंमत भांडं मोडल्यावर सुरू होई. मामांच्या घरात भांडं बडतर्फ होत नसे, त्याची बदली होई. तोटी उडालेल्या किटलीत सुयादोरे आणि कात्री राही. कान तुटलेला कप दाढीच्या ब्रशकडे जाई. कडा उडालेली बशी न्हाणीघरात साबणाखाली रुजू होई. मोठ्या वाडग्याचं झाकण गच्चीवर पाखरांना पाणी पाजायला गेलं होतं. ज्यांचे अगदीच तुकडे झाले, त्यांनाही मामा कुंड्यांच्या तळाशी मातीखाली घालत, म्हणजे पाणी तुंबत नाही. लेक एकदा म्हणाली होती, "बाबा, या घरात मेल्यावरसुद्धा नोकरी सुटत नाही."

असं सगळं सुखात चाललेलं असताना यार्डाच्या फळ्यावर नोटीस लागली. चाकं ठोकणाऱ्या सगळ्यांचे कान पुढच्या आठवड्यात तपासले जातील. ज्यांचे कान उतरले असतील त्यांना कोठारात ब्लँकेटं मोजायला पाठवलं जाईल.

एरवी मामा हसले असते. पण नेमकं त्याच आठवड्यात जोडीदाराने पाठीमागून तीनदा हाक मारली आणि मामांना ती ऐकूच आली नव्हती. आणि घरात तर मामी रोजच म्हणत, "मी भिंतीशी बोलते की तुमच्याशी? बहिरे झालात का?" मामींचं बोलणं ऐकू न येण्यामागे मामांची स्वतःची काही कारणं होती, पण त्यातलं किती सोंग आणि किती खरं, हे आता त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

त्या रविवारी मामा, मामी आणि लेक तिघंही जुन्या बाजारात गेली. मामींना पिण्याच्या पाण्यासाठी मोठी बरणी हवी होती, आणि ती मिळालीसुद्धा. गुडघ्याएवढी उंच, वरून काकवीच्या रंगाची, खाली सायीसारखी, वर घट्ट झाकण. मामी तिच्यापुढून हलेनात. मामा उकिडवे बसले, टिचकी मारली, डोळे मिटले.

ठप्प.

त्यांनी जागा बदलून पुन्हा मारली. पुन्हा ठप्प.

"वाजत नाही ही," ते म्हणाले.

"वाजत नाही?" विक्रेत्याने छातीवर हात ठेवला. "काका, अहो पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं असेल."

मामींनी वाकून अंगठीने टकटक केली. "किती गोड वाजतेय की. ऐकलंस ना गं?"

"हो, मस्त," लेक म्हणाली.

मामांनी तिघांकडे पाहिलं. तीन माणसांना ऐकू येतंय आणि ज्याच्या कानांवर गाड्या सुटतात त्याला येत नाही. "हो, हो," ते घाईने म्हणाले, "आता वाजली." आवाजाच्या बाबतीत मामा आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. बसमध्ये बरणी मांडीवर घेऊन ते इतके गप्प बसले होते की शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "आत काही नाजूक आहे का?"

घरी आल्यावर मामींनी बरणी घासूनपुसून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मांडली आणि लेकीला घेऊन शेजारी बरणीचं वर्णन सांगायला गेल्या. मामांनी दार लोटलं आणि फळीवरची एकेक बशी काढून वाजवायला घेतली. सगळ्या टण्ण वाजल्या. पण त्याने समाधान होईना. या बशा तर त्यांना तोंडपाठ होत्या. मग हे कान ऐकतायत, की आठवण? तोच भुंगा दुसऱ्या दिवशी यार्डात. गाडीमागून गाडी टण्ण वाजत गेली आणि दर टण्णला मामांना जास्तच धडकी भरली. यातलं एखादं ठप्प असेल आणि आपल्याला टण्ण ऐकू येत असेल तर? त्यांनी प्रत्येक चाकाला दोन-दोन टोले दिले. मुकादम म्हणाला, "मामा, चाक तपासताय की शिक्षा देताय?"

संध्याकाळी हात धुताना साबणाच्या बशीकडे बघून ते पुटपुटले, "थांब, येतोच मी. ब्लँकेटं मोजायला."

"काय म्हणालात?" नवी बरणी काठोकाठ भरता भरता मामींनी आतून विचारलं. मामांनी सवयीने न ऐकल्यासारखं केलं, आणि त्या सवयीचीही त्यांना भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींच्या आवाजाने घर जागं झालं. "अहो, हे पाणी कुणी सांडलं? तुम्हीच असणार. माझी चप्पल तरंगतेय इथे."

मामा डोळे चोळत आले. कोपऱ्यात थारोळं साचलं होतं. बरणीतलं पाणी चांगलं वीतभर उतरलं होतं. ते लादीवर गुडघे टेकून बसले, बरणीभोवती बोट फिरवत गेले आणि मागच्या बाजूला थांबले. तिथे केसाएवढी बारीक रेघ होती, आता ओली होऊन काळी दिसत होती. तिच्यातून पाणी पाझरत होतं.

मामा त्या थारोळ्यात बसकण मारून हसायला लागले.

"फुटकी आहे," ते म्हणाले. "अगं, फुटकी आहे ही. पहिल्यापासून फुटकी आहे."

"मग त्यात हसण्यासारखं काय आहे? उठा आधी, लेंगा भिजला."

मग मामांनी सगळं सांगितलं. नोटीस, हाक, ब्लँकेटं, चाकांना दिलेले दुहेरी टोले. मामी पोछा हातात धरून ऐकत राहिल्या.

"मला काय माहीत कशी वाजली ती," शेवटी त्या म्हणाल्या. "मी रंग बघत होते. ती हातची जाऊ नये म्हणून म्हटलं गोड वाजते."

"आणि मी आई म्हणाली म्हणून," लेक म्हणाली. "बाजारात भोंगा चालला होता, मला तर माझंच बोलणं ऐकू येत नव्हतं."

"आणि मी इकडे अर्धा झालो."

"मग एका शब्दाने सांगायचं नाही का?" मामींचा आवाज जरा ओला झाला. "मी आपली रोज ओरडतेय. मला वाटायचं, खरंच गेले की काय यांचे कान. बोलले नाही, इतकंच." आणि डोळे पुसायला त्यांनी पोछाच उचलला, तो लेकीने वेळेवर काढून घेतला.

मामा तपासणीला गेले ते शीळ घालतच. डॉक्टरांनी कानाला यंत्र लावलं. बारीकात बारीक पिपाणीलाही मामा बोट वर करत गेले. शेवटी तर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळातल्या चाकाचा एक दात झिजलाय असंही सांगून टाकलं. दोन्ही कान उत्तम असल्याचा कागद घेऊन ते घरी आले आणि इथेच त्यांची चूक झाली. तो कागद त्यांनी मामींना दाखवला.

मामींनी तो नीट वाचला, घडी घातली आणि तोटी उडालेल्या किटलीत सुयादोऱ्यांच्या जोडीला जपून ठेवला. संध्याकाळी मामा खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले तेव्हा आतून अगदी हलक्या आवाजात शब्द आले, "माळ्यावरचा पसारा आज काढायचा होता."

मामांनी पान उलटलं.

आतून किटलीवर चमच्याचा एक टोला पडला. टण्ण.

मामा निमूटपणे उठले आणि शिडी आणायला गेले.

बरणीची बदली दाराशी झाली. तिच्यात आता छत्र्या असतात. सकाळी कामावर निघताना मामा वाकून तिला एक टिचकी मारतात. ठप्प वाजलं की खूश होऊन जिना उतरतात.