नव्या मशीनला नारळ

काशीराम परबाने सदतीस वर्षं वेल्डिंग केलं, आणि त्या सदतीस वर्षांत त्याच्या स्वतःच्या मालकीचा साधा एक पाना नव्हता. खोटं वाटतं ना? पण कंपनीत पद्धतच तशी. सकाळी पितळी बिल्ला द्यायचा नि हत्यारं घ्यायची, संध्याकाळी हत्यारं परत करायची नि बिल्ला घ्यायचा. बॉयलर बांधणारी कंपनी होती, मुलुंडलाच. आता तिथे टॉवर उभा आहे. निवृत्त झाला त्या दिवशी गेटवरच्या वॉचमनने त्याची पिशवी उलटी केली आणि बोटं जळलेले चामड्याचे हातमोजेसुद्धा काढून घेतले. कंपनीचा माल म्हणे! सदतीस वर्षांच्या माणसाला असं वागवतात? काशीराम घरी आला आणि बायकोला, जानकीला, म्हणाला की मरायच्या आधी आपली स्वतःची हत्यारं घेणार. जानकी मालवणकडची, तोंडाने फटकळ. घेऊन ठेवणार कुठे, माझ्या उशाला? असं तिने विचारलं.

तिचंही बरोबरच होतं. नाहूरला दीड खोलीचं घर, त्यात हत्यारं ठेवली तर माणसांनी गॅलरीत झोपायचं. सहा वर्षं तो विषय तसाच राहिला.

मग भेटले श्यामकांत कर्णिक. मुलुंड पूर्वेला जुन्या बिल्डिंगमध्ये राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले साहेब. बिल्डिंगच्या गेटची बिजागरी निखळली म्हणून कुणीतरी काशीरामला बोलावलं, आणि हा माणूस भाड्याच्या मशीनवर काम करत असताना कर्णिक खुर्ची टाकून दोन तास बघत बसले. चहा आणला तो स्वतः. मग म्हणाले, जन्मभर कागदांवर सह्या केल्या, हाताने एक वस्तू बनवली नाही. बायकोसाठी, उत्तरासाठी, गच्चीवर लोखंडी झोपाळा करायचाय, स्वतःच्या हाताने. शिकवाल का? खाली माझं गॅरेज आहे, गाडी विकली तेव्हापासून रिकामंच पडलंय.

काशीरामला वाटलं थट्टा चालली आहे. पण नाही. ठरलं ते असं, की गॅरेज कर्णिकांचं, हत्यारं आणि मशीन काशीरामचं, शिकवणं काशीरामचं. आणि त्या दिवसापासून कर्णिक त्याला चारचौघांत ‘मास्तर’ म्हणायला लागले. अहो, कंपनीत ‘ए परब’ याच्यापुढे कुणी गेलं नव्हतं. इथे साहेब लोक मास्तर म्हणतायत! घरी येऊन त्याने जानकीला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागला तेव्हा ती म्हणाली, कळलं हो मास्तर, पाणी भरा आता.

एक गोष्ट मात्र त्याने कुणाला सांगितली नव्हती. काशीराम गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. ड्रॉइंगवरच्या खुणा नि आकडे त्याला झोपेतही वाचता येत, पण इंग्रजी वाक्य समोर आलं की काळोख. कंपनीत कुणी ना कुणी वाचून दाखवायचं. हे कर्णिकांना कळलं तर? ज्याला मास्तर म्हणतो त्याला डब्यावरची चार अक्षरं वाचता येत नाहीत, हे बँकेतल्या माणसाला कळलं तर तो मास्तर म्हणेल का? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून काशीरामने ती घट्ट झाकून ठेवली होती.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी दोघे भांडुपला अंबादासशेठच्या दुकानात गेले. कर्णिकांनी वहीत यादी केली होती, कोणत्या मालाला लोकांनी किती चांगलं म्हटलंय तेसुद्धा मोबाइलवर बघून ठेवलं होतं. काशीरामने वहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने लोखंड पकडून ठेवायचा वाइस मागितला आणि त्यावर रुपयाचं नाणं वाजवलं. बद्द आवाज आला. हा ओतलेला बिडाचा आहे, पहिल्या घावाला तडकेल, दुसरा काढा. काटकोन तपासायचा गुण्या घेतला, काउंटरवर खडूने रेघ मारली, गुण्या उलटा करून पुन्हा मारली. दोन्ही रेघा एकमेकींपासून सरकल्या. हा गुण्या नाही, भंगारात टाका. वेल्डिंगच्या होल्डरची केबल हातात घेतली, खिशातल्या पात्याने तार खरवडली, आणि वरच्या तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं अ‍ॅल्युमिनियम निघालं. अंबादासशेठचा चेहरा उतरला. आपल्याला माहीत नव्हतं, मालवाल्याने फसवलं, असं तो म्हणायला लागला. कर्णिक तर आ वासून उभे होते. वही त्यांनी गुपचूप खिशात घातली.

पण मशीन आलं तेव्हा काशीरामची हुशारी संपली.

त्याच्या डोक्यात वेल्डिंगचं मशीन म्हणजे चाकांवरचा तेल भरलेला भला मोठा डबा, दोन माणसांनी ढकलायचा, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं. अंबादासशेठने मात्र फळीवरून एका हाताने एक खोका उचलला आणि काउंटरवर ठेवला. इन्व्हर्टर मशीन. वजन पाच किलोसुद्धा नाही. काशीरामने ते उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. त्याचे डोळे पांढरे झाले. ह्यात माझा जेवणाचा डबा मावणार नाही आणि ह्यात वेल्डिंग होणार? शेठने मागे नेऊन एक पट्टी जोडून दाखवली. काशीरामने जोडाचा टाका बघितला आणि त्यावर बोट फिरवलं. एवढासा जीव आणि असा गोड टाका! किंमत ऐकून त्याला दुसरा धक्का बसला, पण ठेव मोडून आणलेले पैसे त्याने मुकाट्याने मोजून दिले. जानकीने ठेव मोडताना बजावलं होतं की हे एकदाच. दुसऱ्यांदा मागायला आलात तर मी माहेरी, आणि माहेरी कुणी उरलेलं नाही, तेव्हा विचार करा.

खोक्यात एक पुस्तिका होती. अंबादासशेठने ती पुढे केली. काशीरामने हात मागे घेतला आणि म्हणाला की पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकत नाही. बोलताना त्याला स्वतःचाच राग आला, पण शब्द सुटला तो सुटला. कर्णिकांनी पुस्तिका घेतली. सवयीचा माणूस, छापलेला कागद दिसला की घेणारच.

दसऱ्याला सकाळी गॅरेजमध्ये कार्यक्रम. उत्तराबाईंनी रांगोळी काढली. जानकी झेंडूचा हार घेऊन आली. बिल्डिंगमधले दहाएक लोक जमले. बाकावर कानशी, पाने, हातोड्या ओळीने मांडलेल्या आणि मधोमध ते लाल मशीन. कोकणातल्या माणसाचं कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. काशीरामने टोपी घातली, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात देवाला गाऱ्हाणं घातलं:

“बा देवा रवळनाथा, आज ह्या लेकरान नवी हत्यारा घेतलेली हत, ती तेच्या हातात सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” जानकी म्हणाली, आणि तिचं बघून सगळेच म्हणाले. सर्वांत मोठ्याने कर्णिक म्हणाले.

मग काशीरामने नारळ फोडला, आणि सदतीस वर्षं दर दसऱ्याला कंपनीतल्या मशीनवर जसं शिंपडायचा तसं पाणी ह्या मशीनवर शिंपडलं. शिंपडलं कसलं, हात मोकळा सोडून ओतलंच. आनंद मोठा, त्यात कंजुषी कसली करायची? वरच्या जाळीतून पाणी आत गेलं. हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. हार घातला. सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि बटण दाबलं.

फाट्! असा आवाज झाला की उत्तराबाईंच्या हातातलं ताट पडलं. जाळीतून निळा धूर निघाला, गॅरेजचा दिवा गेला, आणि जळक्या प्लास्टिकचा वास पसरला. कुणी हललं नाही. काशीरामचं बोट अजून बटणावरच होतं. थोड्या वेळाने कुणीतरी मीटरची खटकी वर केली आणि दिवा आला. मशीनचा दिवा आला नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. नाहीच. जानकी पुढे आली, तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच आयुष्यात काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं काशीरामला वाटलं. घेऊन जेमतेम आठवडा झाला, आणि वाट लागली!

रात्रभर तो म्हणत होता की माल खोटा निघाला. शेठला सोडत नाही. खोटी केबल ठेवणारा माणूस, मशीन खरं कशाला देईल?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच दोघे हजर. कर्णिक वाटेत एक शब्द बोलले नव्हते. काशीरामने मशीन काउंटरवर ठेवलं आणि तोंडाला येईल ते बोलला. अंबादासशेठने सगळं ऐकून घेतलं, चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत इलेक्ट्रॉनिक पुर्ज्यांची हिरवी पाटी. पाटीवर काळा डाग, आणि डागाच्या भोवती वाळलेलं कुंकू. एका कोपऱ्यात खोबऱ्याचा नखाएवढा तुकडा.

शेठ हसला नाही, हे त्याचे उपकार. तो म्हणाला की दसऱ्यानंतर दरवर्षी अशी दोन-तीन येतात. जुन्या मशीनला नुसतं तांबं आणि तेल, वरून चार थेंब पडले तरी त्याला फरक पडत नव्हता. ह्याच्यात टीव्हीसारखी पाटी आहे, हिला थेंबही चालत नाही. पाण्याची गॅरंटी कंपनी देत नाही. पाटी नवी घालावी लागेल.

काशीराम स्टुलावर बसला. सदतीस वर्षं मशीनबरोबर काढलेला माणूस, आणि ज्याने गाडीचं बॉनेट कधी उघडलं नाही त्याने करावी तशी चूक! नाणं वाजवून वाइस ओळखतो, आणि मशीनच्या पोटात काय आहे ते ठाऊक नाही. मान वर करायची लाज वाटत होती.

तेव्हा कर्णिक बोलले. आवाज अगदी बारीक होता.

“मास्तर, मला माहीत होतं.”

काशीरामला आधी कळलंच नाही.

“पुस्तिकेत लिहिलंय. चौथ्या पानावर. पाणी, कुठलाही द्रव, मशीनवर पडू देऊ नका. मी वाचलं होतं.”

“मगे गप का रवलात?”

“तुम्हाला माहीत असणारच, असं वाटलं. एवढी वर्षं काम केलेला माणूस. त्यात सगळे जमलेले. मी बँकेतला, मी तुम्हाला काय सांगणार?”

काशीराम त्यांच्याकडे बघतच राहिला. साहेब लोक त्याच्या कामात बोलले नाहीत असा एक दिवस त्याने कंपनीत बघितला नव्हता. आणि हा साहेब, हातात छापील कागद असून, वेल्डरचा मान राखायचा म्हणून हात जोडून उभा राहिला, व्हय म्हाराजा म्हणाला आणि मशीन जळू दिलं! हसावं की रडावं? मग त्याला राग आला, आणि तो असा आला की अंबादासशेठ काउंटरमागे सरकला. कंपनीत मधुकर नावाचा त्याचा जोडीदार होता, त्याची गोष्ट काशीरामने तिथेच सांगितली. मधुकरला गॅसच्या नळीत गळती दिसली होती. फोरमन मोठा माणूस, त्याला कसं सांगायचं, त्याला ठाऊक असेलच, म्हणून मधुकर गप्प राहिला. नळीने पेट घेतला तेव्हा फोरमनला काही झालं नाही. मधुकरचा डावा डोळा गेला.

“मान राखतत?” काशीराम ओरडला. “काल मशीन जळला. उद्या तुमचो हात जळतलो! माझी चूक दिसली तर तोंडार सांगूक होई. गप रवणारो माणूस माका गॅरेजात नको!”

आणि एवढं बोलून तो थांबला. स्वतःचाच आवाज त्याच्या कानांत घुमत होता. गप्प राहणाऱ्या माणसावर ओरडणारा हा कोण? खोक्यातली पुस्तिका पुढे आली तेव्हा हात मागे कुणी घेतला होता? अंबादासशेठ बघत होता, दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं बघत होती, कर्णिक मान खाली घालून उभे होते. ह्या सगळ्यांसमोर बोलायचं म्हणजे अंगावरचे कपडे काढण्यासारखंच होतं. तरी तो बोलला.

“माका इंग्लिश वाचूक येणा नाय.”

कर्णिकांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती, नुसता धक्का होता, आणि काशीरामला तेवढ्याने बरं वाटलं.

“पुस्तक घेतलंय नाय, ता म्हणान. माज नव्हतो तो. लाज होती.”

बाहेर रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजत राहिला. शेवटी अंबादासशेठने विचारलं की पाटी घालायची की मशीन तसंच न्यायचं. घालायची, काशीराम म्हणाला. पैसे कुठून आणायचे आणि जानकीला काय सांगायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, पण घालायची.

मग त्याने शेजारचं स्टूल ओढलं आणि कर्णिकांना बसायची खूण केली. पुस्तिका त्यांच्या खिशातच होती. पहिल्या पानापासून वाचा, आणि मराठीत सांगा, असं त्याने सांगितलं. कर्णिकांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. एक वाक्य इंग्रजीत वाचायचं, मग थांबून मराठीत. काशीराम मान हलवत ऐकत होता, मध्येच अडवून विचारत होता. चौथं पान आलं तेव्हा कर्णिकांचा आवाज खाली गेला, जवळजवळ पुटपुटायलाच लागले.

“जोरान वाचा,” काशीराम म्हणाला.