दोन देशांची मैत्री आणि कमळाकाकूंचा उपास

आमच्या शेडमध्ये किस्से भाकरीच्या चळतीसारखे साठतात. एकावर एक रचत जायचं, आणि मधला एखादा ओढायला गेलं की वरचे सगळे घसरतात. त्यात आफ्रिकेतनं पाहुणी आली, तेव्हा तर चळत पार पत्र्याला टेकली.

आमचा बचत गट बुद्धविहाराच्या मागच्या शेडमध्ये कडक भाकऱ्या करतो. पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर पार कडक होऊ द्यायची. महिनाभर टिकते. इथिओपियातही ज्वारी पिकते, पण त्यांची मऊ पोळी दोन-तीन दिवसांत खराब होते, लांबच्या बाजारात नेता येत नाही. म्हणून तिथल्या बायकांच्या गटानं अल्माझला आमच्याकडं शिकायला धाडलं. योजनेचे साहेब स्वागताच्या भाषणात म्हणाले, "ही दोन देशांची मैत्री आहे." माझी सून सुमन माझ्या कानाशी म्हणाली, "मैत्री देशांची, पीठ मात्र आपुन मळायचं."

अट सरळ होती. जाण्याआधी अल्माझची भाकरी पास झाली, तर त्यांच्या बायका इकडं येणार, आमच्या तिकडं जाणार. नापास झाली तर विषय संपला.

आणि पास-नापास कमळाकाकूंच्या हातात. काकू आम्हाला शिकवायला आणि माल तपासायला मंद्रूपहून एसटीनं येतात. भाकरी कानाजवळ धरून मोडतात आणि जमली की नाही ते आवाजावरून सांगतात. तोंडात कधी घालत नाहीत. आमच्यात त्या काहीच खात नाहीत. चहा पुढं केला की म्हणतात, "मला उपास हाय." डबा घरचा, पाण्याची बाटली घरची. आमची वस्ती कुठली ते त्यांना ठाऊक, आणि उपास कसला ते आम्हाला ठाऊक. काम चांगलं चालतंय म्हणून कुणी तोंड उघडत नाही.

०

पहिल्याच दिवशी अल्माझनं सुमनला जवळ ओढलं आणि गालाला गाल लावून मुके घेतले. इकडं एकदा, तिकडं एकदा, परत इकडं. त्यांच्याकडं तशीच रीत. सुमन खांबागत उभी. दारात तिचा नवरा, म्हणजे माझा लेक, हार घेऊन थांबलेला.

सुमन त्याच्याकडं बघून म्हणाली, "बगा. शिका जरा."

०

अल्माझनं ज्वारीचं पीठ पातळ भिजवून झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर शेडभर आंबूस वास. काकूंनी नाकाला पदर लावला. "नासलं की गं समदं."

अल्माझ इंग्रजीत बोलायची. साहेबांच्या ऑफिसातली तेजश्री आम्हाला मराठीत सांगायची. ती म्हणाली, "काकू, त्या म्हणतायत, आता कुठं तयार झालं."

अल्माझनं ते तव्यावर गोल ओतलं. वर जाळी पडली, अगदी आंबोळीसारखी. पोळी मोठ्या ताटात पसरून तिनं वर आमटी वाढली आणि सगळ्यांना एकाच ताटात हात घालायला लावले. काकू लांब बसून बघत होत्या.

"वास आंबूस हाय, पण जाळी चांगली पडली," त्या म्हणाल्या. "मला उपास हाय."

०

अल्माझही बुधवारी आणि शुक्रवारी उपास करायची. दूध नाही, दही नाही, मटण-अंडी नाही. हे कळल्यावर काकूंना लई आनंद झाला. "बगा पोरींनो, परदेशातली असून नेम पाळती. न्हाईतर तुमी."

अल्माझनं भाबडेपणानं विचारलं, "काकू, तुमचा उपास कोणत्या वारी असतो?"

आम्ही सगळ्या खाली मान घालून पीठ मळायला लागलो.

काकू म्हणाल्या, "माजं... तसं काय वाराचं न्हाय."

०

कॉफीचा किस्सा निराळा. अल्माझनं हिरव्या बिया शेगडीवर भाजल्या, कुटल्या, उकळल्या, छोट्या कपांत ओतल्या. आम्ही एका घोटात पिऊन उठलो, तर तिचा चेहरा उतरला. तेजश्री म्हणाली, "बसा, बसा. त्यांच्यात तीनदा घ्यायची असते. मधीच उठलं तर पाहुण्याला राग आला असं समजतात."

बसलो. तिसरा कप होईस्तोवर अर्धी दुपार गेली. सुमन म्हणाली, "आत्याबाई, आपल्यात एवढ्या टायमात लग्नाची बोलणी मोडून परत जुळत्यात."

०

खरं अडलं ते थापण्यावर. अल्माझचा हात पीठ ओतायला शिकलेला. भाकरी थापायला घेतली की मधनं फाटायची. कशीबशी जमली तर कडक होताना वाकडी व्हायची. काकूंनी एक मोडायला घेतली तर मोडलीच नाही, नुसती वाकली.

"ही भाकरी न्हाय, पायपुसणं हाय."

तेजश्रीनं हे काही सांगितलं नाही, पण अल्माझला कळलं. तिच्या गावच्या बायकांचा रोज फोन यायचा, जमलं का म्हणून. त्या दिवशी तिनं फोन उचललाच नाही. परातीपुढं बसून रडायला लागली.

काकू उठल्या. तिच्यामागं बसून तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले. "मारायचं न्हाय त्याला. लेकराला झोपवताना थोपटतो का न्हाय? तसं." तेजश्री तोंड उघडणार, तर काकू म्हणाल्या, "तू गप. आमाला कळतंय आमचं."

भाकरी परातभर फिरली. फाटली नाही.

०

शेवटच्या दिवशी साहेब आले, अल्माझच्या देशाचे एक पाहुणे आले, फोटोवाला आला. अल्माझनं एकटीनं भाकऱ्या केलेल्या. काकूंनी एक कानाजवळ धरून मोडली. कडकन आवाज झाला.

"आवाज बराबर हाय," काकू म्हणाल्या.

साहेबांनी पेन काढलं, आणि थांबले. "अहो काकू, पण चव? चव बघितल्याशिवाय पास कसं लिहू?"

"मला उपास हाय."

"मग कसं करायचं?"

अल्माझनं तेजश्रीला काहीतरी विचारलं. मग भाकरीचा तुकडा दह्यात चुरला, शेंगाचटणी लावली, घास केला आणि काकूंच्या तोंडापाशी नेला.

तेजश्री हळूच म्हणाली, "ज्याला मान द्यायचा त्याला त्यांच्यात हातानं भरवतात. नाही म्हटलं तर..."

घास तसाच. काकू अल्माझकडं बघेनात, माझ्याकडं बघत होत्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, दही माज्या घरचं हाय."

"ठावं हाय, शांताबाई."

काकूंनी तोंड उघडलं. कडक भाकरी, दातही थोडे. चावायला वेळ लागला. साहेब पेन धरून उभे. काकूंनी गिळलं, पदरानं ओठ पुसले.

"मीठ कमी हाय. पर लिवा, पास."

अल्माझनं लगेच दुसरा घास केला. तेजश्री म्हणाली, "काकू, त्यांच्यात एक घास भरवून थांबत नाहीत."

काकू म्हणाल्या, "मग तिला सांग, आता चटणी जरा जास्त लाव."