नसरीनच्या फोनमधला माझा फोटो

आक्कांनी फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यात समदं लाल दिसतंय." मला मनापासून आनंद झाला. कारण फोन माझ्या कंपनीचा नव्हता. नसरीनने त्यांना विकलेला होता.

मी मोबाईलच्या दुकानात प्रमोटर आहे. म्हणजे दुकान कोडोलीतल्या आप्पांचं, पगार कंपनीचा आणि अंगातला टी-शर्टही कंपनीचाच. गिऱ्हाईक आलं की आपल्या कंपनीचा फोन त्याच्या हातात द्यायचा, हे माझं काम. नसरीन दुसऱ्या कंपनीची प्रमोटर. ती परवापरवा लागली, मी इथे केस पांढरे केले. ती मला दादा म्हणते, डब्यातलं आठवणीने काढून देते. त्यामुळे तिच्यावर धड चिडताही येत नाही. जळता मात्र येतं.

त्यात तिच्या कंपनीचा नवा स्वस्तातला फोन आला. पहिला बॉक्स उघडताना मी मुद्दाम मदतीला गेलो. खोट शोधायला. पाठ खरखरीत, घामेजल्या हातातून निसटत नव्हता. रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर जात होता, तरी रिंग ऐकू आली. वजनाला हलका. कव्हर बॉक्समध्येच, फुकट. माझ्या कंपनीच्या फोनची पाठ चकाचक, पण माणूस जरा वाकला की खिशातून पहिला तोच खाली येतो.

"कसा वाटला, दादा?" नसरीनने विचारलं.

"बरा हाय," मी म्हणालो. एवढं बोलायलाही जिवावर आलं.

त्याच आठवड्यात आप्पांनी सांगून टाकलं, "दिवाळीला दारातलं काउंटर एकालाच. ज्येचा माल चालंल त्येला." दारातलं काउंटर म्हणजे पायरी चढलेलं गिऱ्हाईक आधी तुमच्यापुढे येणार. मागच्या काउंटरला पोचतात ती चार्जर मागायला आलेली माणसं. दारात इतकी वर्षं मी उभा होतो. आता गिऱ्हाईक माझ्यासमोरून सरळ आत जायचं आणि नसरीनला विचारायचं, "त्यो नवा आलाय त्यो दावा की."

म्हणून आक्कांची तक्रार म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. नसरीन त्या दिवशी डबा न आणता जेवायला घरी गेली होती. आक्कांनी फोटो दाखवले. नातू लाल, म्हैस लाल, मागे दिसणारा पन्हाळाही लाल. सगळ्यावर धुरकट पडदा.

मी फोन घेऊन थेट आप्पांच्या गल्ल्यापाशी गेलो.

"बघा आप्पा. कॅमेराच बोगस हाय. मी आधीच म्हणत हुतो."

"कवा म्हणलास?"

"मनात म्हणत हुतो."

आक्कांना बदली देण्यासाठी मी माझ्या कंपनीचा फोन शोकेसमधून काढूनही ठेवला होता.

आप्पांनी आक्कांचा फोन उलटा केला. मी तो उलटा केलाच नव्हता. स्क्रीनवरचे लाल फोटो बघण्यातच मला इतकं सुख वाटत होतं. आप्पांनी डोळे बारीक करून कॅमेऱ्याची काच बघितली.

"आक्का, पूजा केलीसा व्हय ह्येची?"

"मग? नवी वस्तू हाय. हळदकुंकू लावल्याबिगर वापरायची व्हय?"

"कुठं लावलासा?"

"पाठीला, वर मधोमध. मग पुसलं की पदरानं."

कुंकू पुसलं गेलं होतं, पण काचेवर पसरून. आप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलचं टोक तोंडाच्या वाफेने ओलं केलं, काच पुसली आणि कॅमेरा माझ्याकडे रोखला. "संभा, हलू नगंस."

फोटो निघाला. काय सांगू, इतका स्वच्छ फोटो माझा लग्नातही आला नव्हता. दाढीचे राहिलेले खुंट मोजून घ्यावेत. आणि तोंड असं, की कुणीतरी कारल्याचा रस पाजलाय. कॅमेऱ्याने माझ्या मनातलं काहीही सोडलं नव्हतं.

आक्कांनी फोटो बघितला, मग मला बघितलं. "ह्यास्नी बरं न्हाय व्हय?"

"त्येला जुनं दुखणं हाय," आप्पा म्हणाले आणि त्यांनी तो फोटो नसरीनच्या डेमो फोनवर पाठवला. डेमो फोन म्हणजे गिऱ्हाइकाला हाताळायला ठेवलेला फोन. त्याआधी त्यात गुलाबाचं फूल होतं.

दिवाळीला दारातलं काउंटर नसरीनला मिळालं. मी मागे, चार्जरपाशी. आता मी फोन विकताना प्रत्येकाला बजावतो, हळदकुंकू बॉक्सला लावा. तक्रार आली की आधी काच पुसतो. धंद्यातलं शहाणपण म्हणून एवढं पुरे. जळणं काही थांबलेलं नाही. तिचा तो खरखरीत पाठीचा फोन दिसला की अजून पोटात दुखतं.

गिऱ्हाईक डेमो फोनमधला फोटो मोठा करून बघतं आणि विचारतं, "कॅमेरा खरंच असा हाय, का कायतर फिल्टर लावलाय?"

नसरीन नुसतं मागे माझ्याकडे बोट दाखवते. गिऱ्हाईक वळून माझं तोंड बघतं आणि फोन घेतं.