दोन कपांची खोली

प्रागच्या हॉटेलात खोलीचं दार उघडलं आणि आधी दिसला तो टेबलावरचा ट्रे. त्यात दोन कप होते, दोन बश्या. आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. तीन मोठ्या माणसांना एक खोली शोधता शोधता आमचा महिना गेला होता. माणसं जोडीनंच फिरतात आणि तिसरं कुणी असलंच तर ते लहान मूल असतं, अशी युरोपातल्या हॉटेलवाल्यांची ठाम समजूत दिसते. बाहत्तर वर्षांच्या सासूबाईंच्या उशीवर त्यांनी कापडी ससा ठेवला होता.

आपल्याकडे माणूस वाढलं की आमटीत पाणी वाढतं. इथे माणसं मोजूनच आत घेतात.

"मी उगीच आले गं तुमच्यात," सशाला बाजूला सरकवत सासूबाई म्हणाल्या.

मी चहा केला. एक कप नवऱ्याला दिला, दुसरा त्यांच्यापुढे धरला.

"कप तुला ठेव. मला बशीत ओत," त्या म्हणाल्या.

त्यांनी पहिला भुरका मारला. नवऱ्यानं आईकडे पाहिलं, आणि लग्नानंतर प्रथमच माझ्यासमोर कपातला चहा बशीत ओतला. मायलेक एका सुरात भुरके मारू लागले. मी कपातून गुपचूप पीत राहिले. खोलीतली तिसरी आता मी होते.