पोटदुखी खरी की तपासणीची

बाईंचं काम म्हणजे रुग्णालयात बसून राहणं, तेही आजारी नसताना. एका स्वतंत्र संस्थेच्या त्या निरीक्षक. ही संस्था रुग्णालयांकडून एक पैसा घेत नाही, येण्याआधी कळवत नाही, निकाल मात्र सगळ्यांना कळवते. वर्तमानपत्रात तो छापून येतो आणि रुग्णालयाच्या दारावर पाटी लागते : अ, ब किंवा क.

बाई एखाद्या रुग्णाची संमती घेऊन त्याच्या नातेवाईक बनतात आणि सुपाचा थर्मास मांडीवर घेऊन वॉर्डात बसतात. रुग्णाला हात लावण्याआधी कुणी हात धुतले, गोळी देताना नाव कुणी विचारलं, खाटेचा कठडा कुणी वर केला, हे डोळ्यांनी टिपतात आणि जिन्यात जाऊन फोनवर नोंदवतात. घरीही त्यांची नजर अशी की नवरा पीठ मळायला बसण्याआधी न सांगता बेसिनकडे वळतो.

मागच्या वर्षी त्यांच्याच शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाला क मिळाला. पाटी लागली त्या दिवशी तिथल्या मोठ्या सिस्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. थर्मास घेऊन म्हाताऱ्या आजोबांपाशी बसणारी ती प्रेमळ भाची आजोबांना एकदाही भेटायला पुन्हा आली नव्हती. बाईंचा चेहरा सिस्टरांनी पक्का लक्षात ठेवला आणि वर्षभर सगळ्या वॉर्डांना शिस्त लावली.

यंदा एका सकाळी नाश्त्याच्या टेबलावर बाईंच्या पोटात कळ आली. थोड्याच वेळात त्यांना सरळ उभं राहवेना. जवळचं रुग्णालय तेच होतं.

"तिथं? ती पाटी तुझ्यामुळेच लागली ना?" नवऱ्याने विचारलं.

"पाटी जुनी झाली. गाडी काढ."

तातडीच्या विभागात मोठ्या सिस्टरांनी त्यांना दारातच ओळखलं आणि सगळ्यांच्या कानावर घातलं : मागच्या वर्षी नातेवाईक, यंदा पेशंट, बाईंना बढती मिळालेली दिसते. तरुण डॉक्टर हात धुऊन आले. धुतलेले हात बाईंना दिसतील असे जरा वरच धरले होते.

"मॅडम, कुठं दुखतंय म्हणून सांगायचं ठरलंय?"

"उजवीकडे, खाली. आणि ठरलेलं नाही. दुखतंय."

डॉक्टर समजून हसले. नवरा शपथेवर सांगू लागला, तेव्हा सिस्टरांनी त्याला न्याहाळलं आणि हेही तुमच्याच ऑफिसातले का, म्हणून विचारलं. चेहरा अगदी खऱ्या नवऱ्यासारखा पडलाय, असं कौतुकही केलं.

बाईंना आता वेगळीच चिंता लागली. आपलं दुखणं कुणाला खरं वाटलंच नाही आणि घरी पाठवलं, तर? पण घरी पाठवायचं कुणाच्या मनातही नव्हतं. तपासणी म्हटल्यावर एकही पायरी गाळायची नाही, असा तिथं चंगच बांधला होता. नाव दोनदा विचारलं, मनगटाला पट्टी बांधली, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का ते विचारलं, रक्त घेतलं. मग डॉक्टरांनी पोटाच्या उजव्या बाजूला दाबून एकदम हात काढला. बाई अशा ओरडल्या की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

डॉक्टरांचं हसू मावळलं. "सिस्टर, हे सोंग नाही."

"नसू दे," सिस्टर म्हणाल्या. "सोनोग्राफीला मी मघाशीच कळवलंय. सोंग असतं तरी करायचीच होती."

अपेंडिक्स टम्म सुजलं होतं, फुटायच्या बेतात. दुपारी शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याआधी सगळ्यांनी हातातलं काम थांबवून पेशंट कोण, काय काढायचं, हे मोठ्याने म्हटलं. काढायचं ते काढलं आणि काही आत विसरलं नाही. नवऱ्याने तर सिस्टरांची माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यालाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सिस्टर ओले हात पुसत खाटेपाशी आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला : यंदा अ ना?

बाईंनी सरळ सांगितलं की यातलं काहीच धरता येणार नाही. तपासणारा ओळखला गेला की ते मोजमाप बाद. शिवाय या लोकांनी जीव वाचवल्यावर या रुग्णालयाची तपासणी बाईंना यापुढे कधीच करता येणार नव्हती.

"म्हणजे काल आम्ही सालं निघेपर्यंत हात धुतले, ते सगळं फुकट?"

"माझ्या पोटाला विचारा फुकट का ते. पण पाटीसाठी दुसरं कुणीतरी येईल."

"कधी?"

"ते मलाही कळवत नाहीत."

"नातेवाईक बनून की पेशंट बनून?"

सिस्टरांनी वॉर्डभर नजर फिरवली. पलीकडच्या खाटेपाशी एक टक्कल पडलेले गृहस्थ मांडीवर थर्मास घेऊन बसले होते. सिस्टर त्या खाटेवरच्या रुग्णाकडे निघाल्या, वाटेत थबकल्या आणि आताच पुसलेले हात घेऊन पुन्हा बेसिनकडे वळल्या.

बाईंनी डोळे मिटून घेतले. आता हे मोजणं त्यांचं काम नव्हतं. नळाचा आवाज मात्र त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.